फॉस्फेट, थकवा आणि स्नायूंची ताकद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थकवा आला की लोक आयर्न, बी १२, व्हिटॅमिन डी तपासतात, मग रिपोर्टच्या खालच्या बाजूला कुठेतरी "फॉस्फरस" अशी ओळ दिसते आणि प्रश्न सुरू होतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात तेच इथे घेतलेत, साधे आधी, गुंतागुंतीचे नंतर. किडनीचा त्रास असेल तर प्रश्न ४ मधले आकडे स्वतःला लावू नका, आधी प्रश्न १३ वाचा.

१. फॉस्फरस आणि फॉस्फेट एकच आहे का? रिपोर्टवर एक लिहिलेलं असतं आणि डॉक्टर दुसरं बोलतात.

व्यवहारात एकच धरा. फॉस्फरस हे मूलद्रव्य, आणि शरीरात ते ऑक्सिजनला जोडलेल्या रूपात असतं, ते फॉस्फेट. लॅब बहुतेक वेळा फॉस्फेटमधला फॉस्फरस तेवढा मोजून आकडा देते. फरक पडतो तो गोळी किंवा पावडर घेताना, कारण १ ग्रॅम फॉस्फरस म्हणजे साधारण ३ ग्रॅम फॉस्फेट, त्यामुळे डब्यावर नक्की काय लिहिलंय ते नीट बघा.

२. फॉस्फेटचा आणि एनर्जीचा नेमका संबंध काय?

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो, त्यातला ८५ टक्के हाडं आणि दातांत. उरलेला बहुतेक पेशींच्या आत असतो आणि एनर्जीचं सगळं काम तिथे चालतं. पेशी जी एनर्जी वापरते ती एटीपी नावाच्या रेणूतून, त्यात तीन फॉस्फेट एकापुढे एक जोडलेले असतात, शेवटचा सुटला की त्यातून काम होतं, आणि मग खाल्लेल्या अन्नाच्या जोरावर तो परत जोडला जातो. स्नायूला आखडायला एटीपी लागतं हे सगळ्यांना पटतं, पण सैल व्हायलाही लागतं हे लक्षात येत नाही. मेल्यानंतर शरीर ताठ होतं ते याचमुळे, एटीपी संपलेलं असतं आणि आखडलेले धागे सुटत नाहीत.

स्नायूत एटीपीचा साठा जेमतेम दोन-तीन सेकंदांचा असतो. त्यापुढचे दहाएक सेकंद जोराचं काम निभावतं ते क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे हेही फॉस्फेटच. हे १९२७ मध्ये हार्वर्डला सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी शोधून काढलं, आणि त्याआधी १९२५ मध्ये याच दोघांनी रक्तातला फॉस्फरस मोजायची पद्धत दिली होती. सुब्बारावांचं नाव याबाबतीत फार कमी वेळा घेतलं जातं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तिसरी गोष्ट ऑक्सिजनची. लाल पेशींमध्ये २,३-डीपीजी नावाचा फॉस्फेटवालाच रेणू असतो, तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो. फॉस्फेट फार खाली गेलं की हा रेणू कमी होतो, रक्तात ऑक्सिजन असूनही स्नायूपर्यंत तो नीट सुटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फॉस्फेट जळत नाही. विहिरीतून पाणी काढताना तीच तीच बादली वर-खाली होते तसं तेच फॉस्फेट दिवसभर सुटतं आणि जोडलं जातं. बादलीच नसेल तर पाणी येणार नाही हे खरं, पण दहा बादल्या आणून ठेवल्या म्हणून विहिरीला जास्त पाणी लागत नाही. पुढचे बरेच प्रश्न या एका गोष्टीने सुटतात.

३. मला सतत थकवा असतो, फॉस्फेट कमी खातोय म्हणून असेल का?

जवळजवळ नक्कीच नाही. रोजचं दोन वेळचं जेवण नीट जेवणाऱ्या माणसाला निव्वळ आहारातून फॉस्फेट कमी पडणं फार दुर्मिळ आहे, कारण दूध, अंडी, मासे, मांस, डाळी, धान्य, सुकामेवा, बिया, सगळ्यात ते आहे, आणि कमी मिळालं तर किडनी ते लघवीतून जाऊच देत नाही. थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, व्हिटॅमिन डी, बी १२, झोप आणि चालू असलेली औषधं बघा. फॉस्फेट खरंच कमी असेल तर ते "कमी खाल्लं" म्हणून नसतं, दुसरं काहीतरी कारण असतं आणि ते शोधावं लागतं (प्रश्न ८).

४. रोज किती लागतं आणि कशातून किती मिळतं?

अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज ७०० मिलिग्रॅम, ९ ते १८ वर्षांच्या मुलांना १२५० कारण हाडं वाढत असतात. गरोदरपणात मोठ्या बाईला तेवढंच, ७००. युरोपात मोठ्यांसाठी ५५० धरतात. अमेरिकेत मोठ्यांसाठी वरची मर्यादा ७० वयापर्यंत ४००० मिलिग्रॅम आणि त्यानंतर ३०००, पण ही निरोगी किडनीवाल्यांसाठी.

अंदाज यावा म्हणून, एक कप दुधात साधारण २३० ते २५० मिलिग्रॅम, एका अंड्यात १०० च्या आसपास, १०० ग्रॅम चिकनमध्ये २०० च्या आसपास, १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरात १८० च्या आसपास. म्हणजे ७०० गाठायला काही वेगळं करावं लागत नाही, प्रोटीन पुरेसं खाल्लं की फॉस्फेट त्यासोबत येतंच.

५. डाळी आणि धान्यातलं फॉस्फेट अंगी लागत नाही म्हणतात, मग शाकाहारी लोकांनी काय करायचं?

अर्धं खरं आहे. धान्य, डाळी, बिया यांच्यातलं बरंचसं फॉस्फेट फायटेट नावाच्या रेणूत अडकलेलं असतं आणि ते फोडायचं एन्झाइम आपल्या आतड्यात जवळपास नाहीच, त्यामुळे त्यातलं निम्म्याहून कमीच शोषलं जातं. दूध, मांस, अंड्यातलं त्यापेक्षा जास्त शोषलं जातं, आणि पॅकबंद पदार्थांत वरून घातलेलं तर जवळजवळ सगळं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं याने फायटेट फुटतं आणि शोषण वाढतं. शाकाहारी माणसाने याची काळजी करायचं कारण नाही, कमी शोषलं गेलं तरी एकूण मिळतं भरपूर. उलट किडनीच्या पेशंटला हाच फायदा होतो.

६. माझं फॉस्फरस २.२ आलंय, रेंज २.५ ते ४.५ आहे. घाबरू का?

घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. रक्तात शरीरातल्या फॉस्फरसचा एक टक्कासुद्धा नसतो, त्यामुळे हा आकडा साठा दाखवत नाही, त्या क्षणी रक्तात काय फिरतंय तेवढंच दाखवतो. गोडाचं किंवा जड जेवण झालं की इन्सुलिन वाढतं आणि फॉस्फेट पेशीत ओढलं जातं, ग्लुकोजचं सलाईन लागलं तरी तेच, भीतीने किंवा वेदनेने जोरजोरात श्वास घेतला तरी आकडा खाली येतो. शिवाय दिवसभरात तो आपसूक वर-खाली होत असतो. उलटी गंमत अशी की नमुना हाताळताना लाल पेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढलेला येतो. म्हणून सकाळी उपाशीपोटी परत करून बघा, आणि सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथींचं हार्मोन).

मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजलेलं २ ते २.५ असेल तर सहसा काही जाणवत नाही, १ ते २ मध्ये अशक्तपणा येऊ शकतो, १ च्या खाली इमर्जन्सी. लहान मुलांची रेंज मोठ्यांपेक्षा वर असते, मुलाचा रिपोर्ट मोठ्यांच्या रेंजशी लावून "नॉर्मल आहे" म्हणू नका, ही चूक खूप होते आणि महागात पडते (प्रश्न १६).

परत केल्यावरही कमीच आलं तर लघवीतलं फॉस्फेट बघतात. रक्तात कमी असताना किडनीने ते अडवून धरायला हवं. तरीही २४ तासांत १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त जात असेल तर गळती किडनीतून आहे, पोटातून नाही.

७. खरंच खूप कमी झालं तर स्नायूंना काय होतं?

आधी मांड्या आणि खांद्याचे मोठे स्नायू जातात. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, जिना चढवत नाही, हात वर करून केस विंचरता येत नाहीत. हे आळसासारखं वाटतं पण वेगळं आहे, मन म्हणतं उठ आणि पाय उचलत नाहीत. बरेच महिने चाललं असेल तर सोबत हाडं दुखतात, बरगड्या, कंबर, पायाची हाडं.

एकदम आणि खूप खाली गेलं तर श्वासाचा पडदाही स्नायूच आहे, तो दमतो, आयसीयूत पेशंट व्हेंटिलेटरवरून निघत नाही त्यामागे कधी कधी हे असतं. हृदयाचे ठोके कमजोर पडतात, गोंधळल्यासारखं होतं, फिट येऊ शकते. आणि स्नायूच्या पेशी फुटायला लागतात, लघवी चहासारखी गडद होते, किडनीला धोका होतो. इथे एक फसवी गोष्ट आहे, स्नायू फुटले की त्यातलं फॉस्फेट रक्तात सांडतं, त्यामुळे नेमक्या त्या वेळी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. गडद लघवी आणि अंगात ताकद नाही असं एकत्र असेल तर नुसत्या फॉस्फरसच्या आकड्यावर घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

८. मग कमी होतं तरी कोणाला?

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते औषधांबद्दल, कारण डॉक्टरला सांगायचं राहून जातं. ॲसिडिटीची ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमवाली औषधं महिनोन्‌महिने रोज घेतली की ती आतड्यातच फॉस्फेटला धरून ठेवतात. लोक त्याला औषध समजतच नाहीत, बाटली घरात कायम असते. दुसरं, आयर्नचं सलाईन, त्यातल्या फेरिक कार्बोक्सीमाल्टोज या प्रकाराने एफजीएफ-२३ नावाचं हाडातून निघणारं हार्मोन वाढतं, ते किडनीला फॉस्फेट टाकून द्यायला सांगतं, आणि हे कित्येक आठवडे चालू शकतं. थकव्यासाठीच आयर्न घेतलं, हिमोग्लोबिन वाढलं, तरी थकवा जाईना आणि अंग दुखतंय, असं असेल तर फॉस्फरस तपासा. तिसरं, टेनोफोव्हिर, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी वरचं औषध, याने काहींच्या किडनीतून फॉस्फेट गळतं.

औषधं सोडली तर व्हिटॅमिन डीची मोठी कमतरता, पॅराथायरॉईड जास्त काम करणं, रोजची दारू, डायबेटिक किटोॲसिडोसिसमध्ये (इन्सुलिन फार कमी पडून रक्तात आम्ल वाढतं ती इमर्जन्सी) इन्सुलिन सुरू केल्यानंतरचे पहिले दिवस, किडनी ट्रान्सप्लांटनंतरचे महिने. आणि बरेच दिवस उपाशी राहून परत खाणं, त्याला वेगळा प्रश्न दिलाय, खाली.

९. बरेच दिवस काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम पोटभर खायला देऊ नये म्हणतात, त्याचा फॉस्फेटशी काय संबंध?

थेट संबंध आहे आणि हे जिवावर बेततं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उपासमारीत शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळत असतं, इन्सुलिन खाली असतं, पेशींच्या आतलं फॉस्फेट हळूहळू संपत जातं पण रक्तातला आकडा नॉर्मल दिसत राहतो. मग एकदम अन्न मिळतं, विशेषतः साखर-स्टार्चवालं, इन्सुलिन उसळतं, पेशी एटीपी बनवायला रक्तातलं होतं नव्हतं तेवढं फॉस्फेट खेचून घेतात, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही सोबत जातं. दोन-तीन दिवसांत आकडा धाडकन पडतो आणि माणूस जो सुधारायला हवा तो श्वासाला, हृदयाला कमजोर होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले उपाशी लोक अन्न मिळाल्यावर दगावले, ते असेच. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

धोका कोणाला? ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेच्या गाइडलाइनमध्ये जास्त धोक्याच्या खुणा दिल्यात: बीएमआय १६ च्या खाली, ३ ते ६ महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन नकळत घटलेलं, १० दिवसांहून जास्त जवळपास काही न खाल्लेलं, किंवा सुरुवातीलाच फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी. यातलं एक जरी असलं तरी खाणं डॉक्टरच्या देखरेखीत, वजनाच्या किलोमागे रोज फार तर १० कॅलरीपासून, हळूहळू वाढवत, आधी थायमिन (व्हिटॅमिन बी १) देऊन आणि रक्त तपासत. ॲनोरेक्सिया, कॅन्सर, दारू, मोठ्या आजारानंतर अन्न तुटलेले वयस्कर लोक, हे सगळे यात येतात. घरचे प्रेमाने भरवायला जातात आणि तेव्हाच घात होतो, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

एक दिवसाचा उपास किंवा रोज १६ तास न खाणं यात हे होत नाही, तब्येत नीट असेल तर.

१०. जिममध्ये फॉस्फेटची पावडर सुचवली, स्टॅमिना वाढतो का?

सोडियम फॉस्फेट रोज ३ ते ५ ग्रॅम, स्पर्धेच्या आधी ३ ते ६ दिवस, असा प्रकार सहनशक्तीच्या खेळांत वापरून बघितलाय. विचार असा की २,३-डीपीजी वाढेल आणि ऑक्सिजन जास्त सुटेल (प्रश्न २). काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत काहीच नाही, आणि पोट बिघडणं, जुलाब हे मात्र बऱ्याच जणांना झालं. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. फॉस्फेट मोठ्या डोसमध्ये किडनीला इजा करू शकतं, कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ करायला देत असत त्या सोडियम फॉस्फेटमुळे काहींच्या किडन्या बिघडल्या आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यावर इशारा दिला.

क्रिएटिन ही वेगळी गोष्ट आहे, लोक दोन्हीची गल्लत करतात. क्रिएटिन घेतल्याने स्नायूतला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा वाढतो आणि छोट्या जोराच्या व्यायामाला मदत होते, त्यासाठी लागणारं फॉस्फेट शरीरात आधीच असतं.

११. जास्त फॉस्फेट खाल्ल्याने उलट थकवा येतो, हे खरं का?

याकडे लक्ष द्यावं असं मला वाटतं. २०१९ मध्ये सर्क्युलेशन या जर्नलमध्ये टेक्सासच्या संशोधकांचं काम आलं. उंदरांना १२ आठवडे २ टक्के फॉस्फेटचा आहार दिला, बाकीच्यांना ०.६ टक्के. जास्तवाले ट्रेडमिलवर लवकर दमले, आणि त्यांच्या स्नायूंची चरबी जाळायची क्षमता घटलेली दिसली. त्याच अभ्यासात डॅलसमधल्या लोकांचाही डेटा होता, ज्यांचं रक्तातलं फॉस्फेट वरच्या बाजूला ते कमी हालचाल करत होते आणि जास्त वेळ बसून होते. उंदरांना दिलेला डोस मोठा होता आणि माणसांतला नुसता संबंध आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. म्हणून दूध-डाळी कमी करू नका, पण वरून घातलेलं फॉस्फेट कमी करण्यात तुमचं काहीच नुकसान नाही. ते कसं ओळखायचं ते पुढे.

१२. पॅकेटवर फॉस्फेट लिहिलेलंच नसतं, ओळखायचं कसं? आणि कोला पिणं कितपत वाईट?

पोषणाच्या तक्त्यात फॉस्फरस बहुतेक वेळा नसतोच, घटकांची यादी वाचा. नावात कुठेही "फॉस" दिसलं, किंवा ई ३३८ ते ३४१ आणि ई ४५० ते ४५२ यातला नंबर दिसला की वरून घातलंय. प्रोसेस्ड चीज, सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस, पाणी धरून ठेवायला इंजेक्शन दिलेलं फ्रोझन चिकन आणि मासे, बेकिंग पावडरचे तयार पदार्थ, गडद रंगाचा कोला, यात सापडतं.

कोलाबद्दल लोक फार घाबरतात, पण ३५० मिलिच्या कॅनमध्ये ते ४० मिलिग्रॅमच्या आसपासच असतं, दुधाच्या कपापेक्षा कितीतरी कमी. फरक एवढाच की कोलातलं जवळपास सगळं शोषलं जातं आणि सोबत ना प्रोटीन ना कॅल्शियम. कोलाची खरी अडचण साखर आहे.

१३. किडनीचा आजार आहे, क्रिएटिनिन वाढलंय, पण फॉस्फरस नॉर्मल आहे. मग पथ्य कशाला?

कारण नॉर्मल आकड्यामागे शरीर जोर लावत असतं. किडनी कमी पडायला लागली की एफजीएफ-२३ आणि पीटीएच वाढतात, उरलेल्या किडनीकडून जास्त काम करून घेतात आणि आकडा बराच काळ जागेवर धरतात. किंमत मात्र हाडं आणि हृदय मोजतात. आकडा वाढतो तो बऱ्याच उशिरा, मग रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठणं, खाज, हाडं ठिसूळ होणं सुरू होतं. या पेशंटना बऱ्याचदा रोज ८०० ते १००० मिलिग्रॅमपर्यंत सांगतात, तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील.

पण इथे एक सापळा आहे. फॉस्फेट कमी करायचं म्हणून डायलिसिसचे पेशंट प्रोटीनच सोडतात आणि स्नायू झडायला लागतात, मग जो अशक्तपणा येतो तो फॉस्फेटपेक्षा वाईट. डायलिसिसवर वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणून प्रोटीन ठेवा आणि फॉस्फेट कापा: अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रोटीन आणि फॉस्फरस जेमतेम ५ मिलिग्रॅम, बहुतेक सगळा पिवळ्यात असतो. मांस तुकडे करून भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून द्या. पहिला घाव पॅकबंद पदार्थांवर. जेवणातलं फॉस्फेट आतड्यात धरून ठेवणाऱ्या बाइंडरच्या गोळ्या, म्हणजे सेव्हेलेमर, कॅल्शियम ॲसिटेट वगैरे, जेवणासोबतच घ्यायच्या, दोन तासांनी घेतली तर ती धरणार काय, जेवण पुढे गेलेलं असतं. डाळी-बिया वाढवायच्या असतील तर आधी पोटॅशियम विचारा.

१४. पायात रात्री गोळे येतात, फॉस्फेट कमी आहे का?

सहसा नाही. कमी फॉस्फेटने ताकद जाते, गोळे येणं हे त्याचं ठळक लक्षण नाही. उलट फॉस्फेट एकदम वाढलं की ते कॅल्शियमला बांधतं, कॅल्शियम पडतं आणि मग हातापायाला पेटके येतात, तोंडाभोवती मुंग्या येतात. असं फॉस्फेटच्या एनिमानंतर लहान मुलांत, वयस्करांत आणि किडनीच्या पेशंटमध्ये होऊ शकतं. नवजात बाळाला गाईचं दूध न देण्यामागचं हेही एक कारण, त्यात आईच्या दुधाच्या साधारण सहापट फॉस्फरस असतो आणि बाळाची किडनी तो टाकू शकत नाही.

१५. व्यायाम करताना स्नायूत फॉस्फेट साठल्याने दमायला होतं असं वाचलं. मग व्यायामाच्या दिवशी फॉस्फेट कमी खाऊ का?

नको, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोराच्या व्यायामात क्रिएटिन फॉस्फेट फुटून पेशीच्या आत सुटं फॉस्फेट जमतं, ते स्नायूच्या धाग्यांची पकड ढिली करतं, हे बरोबर आहे. पण ते आतलंच फॉस्फेट आहे, थांबून विश्रांती घेतलीत की काही मिनिटांत परत जोडलं जातं. दुपारी तुम्ही काय जेवलात याने ते ठरत नाही.

१६. मुलाचे पाय वाकलेत, फॉस्फरस कमी आहे, व्हिटॅमिन डी देऊन झालं, दूध वाढवलं, तरी फरक नाही. अजून काय खायला देऊ?

खाण्याने हे सुटणार नाही, थांबा आणि मुलांच्या हाडांच्या किंवा हार्मोनच्या डॉक्टरला दाखवा. व्हिटॅमिन डीच्या कमतरतेचा मुडदूस डी दिल्यावर सुधारतो. सुधारत नसेल तर एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया असू शकतो, साधारण २०,००० त एका मुलाला होणारा जन्मजात आजार, यात एफजीएफ-२३ जास्त असतं आणि किडनी मिळालेलं फॉस्फेट टाकत राहते. जेवढं दूध पाजाल तेवढं लघवीतून जाईल. ही मुलं उशिरा चालतात, डुलत चालतात, लवकर दमतात, दातांच्या मुळाशी गळू होतात. उपचार आहेत, फॉस्फेट दिवसातून चार-पाच वेळा विभागून आणि सोबत ॲक्टिव्ह व्हिटॅमिन डी, कारण एका डोसचा परिणाम काही तासांतच उतरतो, किंवा २०१८ मध्ये मान्यता मिळालेलं बुरोसुमॅब इंजेक्शन, जे एफजीएफ-२३ लाच अडवतं. आई-वडिलांपैकी कोणाची उंची कमी किंवा पाय वाकलेले असतील तर तेही डॉक्टरला सांगा.

हेच चित्र मोठ्या वयात नव्याने दिसलं, म्हणजे आधी धडधाकट असलेल्या माणसाची हाडं दुखतायत, मांड्यांतली ताकद गेलीय, फॉस्फरस सतत कमी आणि लघवीतून जास्त, तर शरीरात कुठेतरी एफजीएफ-२३ बनवणारी छोटी गाठ असू शकते. ती बहुतेक साधी, कॅन्सर नसलेली असते, पण इतकी लहान की शोधायला वर्षं जातात. तोपर्यंत संधिवात किंवा मानसिक म्हणून उपचार चालू असतात. गाठ सापडून पूर्ण काढली की फॉस्फरस काही दिवसांतच वर येतो.